दर नगी हरीण

बाबांनी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३४ वर्षं काढली. त्यामुळे ताडोबाला जायचं ठरल्यावर आम्ही टोप्या आणि गॉगल आणले, बाबांनी शंभरपानी वही आणली. पहिल्या पानावर 'व्याघ्रदर्शन – जमाखर्च' असं लिहून खाली लाल शाईची दुहेरी रेघ.

मे महिन्यात चंद्रपूरला कोण जातं, हा प्रश्न आईने पुणे सोडल्यापासून दर तासाला विचारला. उत्तर एकच होतं: उन्हाळ्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो, म्हणून माणसंही येतात. "वाघाला तहान लागते म्हणून आपण भाजून घ्यायचं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समृद्धी महामार्ग इतका सरळ आहे की त्यावर काही सांगण्यासारखं घडतच नाही. टोल मात्र घडतो, आणि तो वहीत चढतो. वर्ध्याजवळ समृद्धी सोडली, जाम, वरोरा करत रात्री मोहर्लीजवळ पोहोचलो तेव्हा एकूण खर्च ४७,००० झाला होता. यात सफारीचं बुकिंग, मुक्काम, पेट्रोल, आणि आत्याने वाटेत घेतलेल्या दोन चादरी. चादरी वाघाच्या खात्यात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहाटे साडेचारला उठून आम्ही गेटवर. आपली गाडी बाहेर, आत जिप्सी. मोबाईलही बाहेरच. चिरंजीवांचा मोबाईल काढून घेताना पोराचा चेहरा असा झाला की गेटवरचा माणूसही जरा हेलावला. जिप्सीत सहा जण: मी, बायको, चिरंजीव, आई, बाबा, आत्या. पुढे चालक आणि गाईड. गाईडने एकच सूचना दिली. "आवाज नाही करायचा जी."

आमच्या घरात ही सूचना आजवर कोणी पाळलेली नाही. आत्याच्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता आणि तो चांदीच्या कागदात गुंडाळला होता. तिने नुसता श्वास घेतला तरी तो कागद चुरचुरायचा.

पहिलं चितळ दिसलं. बाबांनी वही उघडली. "४७,००० ला एक पडलं." त्यांचा आवाज खोल गेला होता. मग बांबूच्या बेटाआडून एकदम कळप निघाला. बाबांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक मोजलं. "चाळीस! अकराशे पंचाहत्तरवर आलं!" माणूस इतका आनंदी मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता. पुढे गवे, सांबर, रानडुकरं. आकडा ९४ ला पोहोचला आणि दर नगी बरोब्बर पाचशे. माकडं धरायची की नाही यावर बाबा आणि आत्यात थोडी बाचाबाची झाली. आत्याचं म्हणणं, माकडं पुण्यातही फुकट दिसतात.

रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसले. गोंड राजांच्या काळातले, दोर ओढून घंटा वाजवायचे, असं गाईड म्हणाला. पांढऱ्याफटक खोडाचं भुत्याचं झाड दाखवलं. तलावातली मगर दाखवली. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं, हेही सांगितलं. तारू नावाच्या गोंड सरदाराची वाघाशी झुंज झाली, त्यात तो गेला आणि देव झाला, त्याच्यावरून हे ताडोबा. आईने जिप्सीतूनच हात जोडले. "वाघाने मारलं त्यालाच वाघ दाखव म्हणून कसं सांगायचं?" म्हणत तिने मागणं मागितलं नाही. मला ते पटलं.

मात्र गाईडने वाघांची नावं काढली आणि आई खऱ्या अर्थाने जागी झाली. मटकासुर नावाचा नर, त्याला छोटी ताराकडून पिल्लं. आणि मायाकडूनही.

"म्हणजे दोन घरं केली त्याने?" आई.

"वाघाचं असंच असतं जी."

"आणि पोरांकडे बघायचं कोणी?"

"आईच बघते."

"हं." त्या एका 'हं'मध्ये जंगलातली आणि आमच्या भावकीतली दोन-चार प्रकरणं एकत्र निकालात निघाली.

आणि तेवढ्यात सांबराने 'पोंक' केलं. गाईडचा हात वर गेला. "कॉल!" म्हणजे वाघ जवळ असल्याचा सांबराचा इशारा. चालकाने जी गाडी पळवली, की बाबांची पेन्सिल मातीत गेली आणि पुऱ्या माझ्या बायकोच्या ओढणीत आल्या. वळणावर आधीच चौदा-पंधरा जिप्स्या. सगळे उभे, सगळ्यांच्या टोप्या, टोप्यांवर लांबच लांब लेन्स. धुळीतून बांबूत काहीतरी पिवळं हललं. अगदी थोडा वेळ. पट्ट्यांची पाठ, मग शेपटीचं वाकडं टोक, मग पुन्हा बांबूच बांबू. आमच्या जिप्सीत आयुष्यात पहिल्यांदा शांतता होती. चुरचुरसुद्धा नाही. आत्या डबा छातीशी धरून तोंड उघडं ठेवून बसली होती. चिरंजीवांचा हात मोबाईलसाठी खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"झालं ना जी सायटिंग!" गाईड.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर बाबांनी कोणाचं तरी पेन मागून वही उघडली. वाघाच्या रकान्यात काय लिहायचं? मी म्हटलं, एक. बाबा म्हणाले, तोंड पाहिलं नाही, पाय पाहिले नाहीत, एक कसा लिहू? लेखापरीक्षणात अडकेल. बराच विचार करून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाघ – पाव.'

आईने चष्मा वर करून वहीत पाहिलं.

"मला डावा कान दिसला होता," ती म्हणाली. "तोही धरा."