भेटून आलात का?

जवळचं कुणी ॲडमिट झालं की पहिला फोन येतो तो बातमी सांगायला आणि दुसरा येतो तो 'तुम्ही भेटून आलात का?' हे विचारायला. पहिला एकवेळ चुकला तरी चालतो. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पुढची तीन लग्नं आणि एक मुंज तुम्हाला तेच ऐकावं लागतं. तेव्हा जाच. साथीचा ताप असो, उलट्या-जुलाब असोत, दारावर 'भेटण्यास सक्त मनाई' असं लाल अक्षरांत लिहिलेलं असो. पाटी परक्यांसाठी असते, आपण घरचे.

जाताना मोसंबी घ्या. दीड किलो तरी हवीत. पेशंटला सलाईन चालू आहे, तोंडाने पाणीसुद्धा बंद आहे, हे तुम्हाला फोनवर कळलेलंच असतं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं?

एकट्याने जाऊ नका. पास एकच मिळतो हे खरं, पण एका पासावर पाच माणसं आत कशी सोडायची हे वॉचमनला आणि कशी शिरायची हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. घरात लहान मूल असेल तर त्याला अवश्य न्या. 'आजीला बघायचं म्हणून रडत होता हो' हे वाक्य तयार ठेवा. मुलाला सर्दी असेल तर अधिक चांगलं. आजीकडून नुसतं घेऊन येणं बरं दिसत नाही.

आत गेल्यावर खरा प्रश्न पडतो तो हात कुठे ठेवायचा याचा. त्यासाठी कॉटला रेलिंग असतं. मागच्या पावसाळ्यात मी पाच दिवस अशा एका कॉटवर होतो, त्यामुळे ते रेलिंग मला तोंडपाठ आहे. पांढरा रंग दोन ठिकाणी उडालेला, मधोमध कुठल्यातरी जुन्या चिकटपट्टीचा काळपट डाग, त्याला लागलेला कापसाचा एक धागा. मी हातावर खोकायचो आणि कूस बदलायला तेच रेलिंग धरायचो. सिस्टर सलाईन बघताना त्यावर हात टेकायच्या, एक्स-रेला नेताना मामा त्यालाच धरून कॉट ढकलायचे. आणि मला भेटायला आलेल्या 19 जणांपैकी (मोजायला वेळ होता) एकूण एक जण त्याच चिकटपट्टीवर पंजा ठेवून, थोडं वाकून म्हणाला, 'काय, काय म्हणतेय तब्येत?'

या पंजाचं महत्त्व लंडनकरांना उशिरा कळलं. तिथल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. फ्लॉवरच्या रोपावर रोग पाडणारा एक विषाणू असतो, त्याच्या डीएनएचा प्रयोगशाळेत बनवलेला एक निरुपद्रवी तुकडा त्यांनी आयसोलेशनच्या खोलीतल्या एका कॉटच्या रेलिंगवर लावला. एकाच कॉटच्या, एकाच रेलिंगवर. 10 तासांनी वॉर्डभर नमुने घेतले तर तपासलेल्या जागांपैकी 41 टक्के जागी तो हजर! दारांच्या मुठींवर, बाहेरच्या खुर्च्यांच्या हातांवर, मुलांच्या खेळण्यांवर, गोष्टींच्या पुस्तकांवर. त्या तुकड्याला पाय नव्हते, तो खोकला नव्हता की शिंकला नव्हता. त्याला फिरवून आणणारी माणसं तेवढी होती. आणि हे लंडनात, जिथे एका पासावर पाच जण शिरत नाहीत! आपण मनावर घेतलं तर दहा तास कशाला लागतील?

रेलिंग झालं की मोबाइल. तो आधी पेशंटच्या लॉकरवर ठेवा, औषधाची वाटी आणि थुंकायचं भांडं यांच्या मधोमध. मग उचलून अमेरिकेतल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावा आणि पेशंटच्या हातात द्या. 'बोला, बोला, जोरात बोला.' पेशंट जोरात बोलला की त्याला खोकल्याची उबळ येते, ती सगळी स्क्रीनवर. फोन परत घ्या आणि कानाला लावा. इन्फ्लुएन्झाचे विषाणू प्लॅस्टिक-स्टीलसारख्या गुळगुळीत जागी 24 ते 48 तास तग धरतात हे 1982 पासून माहीत आहे. फोन तुम्ही 48 तासांत किती वेळा तोंडाजवळ नेता ते तुमचं तुम्ही मोजा. करोनाचा विषाणू 2020 साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा तो प्लॅस्टिकवर 72 तासांपर्यंत सापडला, दिवसागणिक कमी होत का होईना. तांब्यावर मात्र 4 तासांनंतर जिवंत विषाणू मिळाला नाही. आपण आजीचा तांब्याचा तांब्या मोडीत काढून त्या पैशांत प्लॅस्टिकचा जग आणला, तो उगीच नाही.

टॉवेलबद्दल सांगताना जरा अडखळायला होतं. बांगलादेशात 2013-14 च्या हिवाळ्यात निपाह या जीवघेण्या विषाणूचे रुग्ण रुग्णालयांत आले, तेव्हा अभ्यासकांनी सहा जणांच्या आजूबाजूच्या वस्तू पुसून तपासल्या. पाच जणांजवळ विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, निघाला: चौघांच्या टॉवेलवर, तिघांच्या चादरीवर आणि एकाच्या कॉटच्या रेलिंगवर. तिथेही रुग्णाचं सगळं करतात ती घरचीच माणसं. तोंड पुसायचं, घास भरवायचा, उशाशी बसून राहायचं. केरळात कोझिकोडला 2018 साली निपाह आला, तेव्हाही बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयातच. पण आपल्याकडे साधा ताप असतो, असं म्हणून तुम्ही टॉवेल घ्याच. माझ्या एका नातेवाइकांनी माझ्याच लॉकरवर बसून माझ्याच डब्यातली खिचडी खाल्ली आणि माझ्याच टॉवेलला हात पुसले. माया म्हणतात ती हीच.

एवढ्यात फडकं-बादली घेऊन मावशी येतील. त्यांना आत येऊ देऊ नका. 'आत्ता नको मावशी, आत्ताच डोळा लागलाय' असं दबक्या आवाजात सांगा. हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. 2020 च्या सुरुवातीला सिंगापूरला करोनाच्या एका रुग्णाची खोली सफाईच्या आधी तपासली होती. त्याला त्रास फारसा नव्हता, तरी 15 पैकी 13 जागी विषाणूच्या खुणा मिळाल्या, त्यात हवा खेळवणाऱ्या पंख्याची पातीसुद्धा होती. आणखी दोघा रुग्णांच्या खोल्या सफाई झाल्यावर तपासल्या, तर तिथे काहीच नाही. म्हणजे मावशींच्या एका फेरीत सगळं पुसून जातं! त्या आत शिरल्याच, तर निदान पाय वर घेऊन कॉटवर बसा आणि जंतुनाशक ओलं असतानाच कोरड्या कागदाने पुसून टाका. त्याला पृष्ठभागावर काही मिनिटं ओलं राहावं लागतं, तेवढी द्यायची नाहीत. हायपोक्लोराइटचं पाणी परवाचं असेल तर काळजी नको, ते ठेवून ठेवून मवाळ होतं. फिनाईलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली, हा आपला निकष सोडू नका.

हात धुण्याबाबत मात्र स्वाभिमान ठेवा. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तर बाळंतिणींचे मृत्यू कमी झाले आणि डॉक्टरांचा पारा चढला. आमचे हात घाण? सिस्टरने बेसिन दाखवलं की तुम्हीही तोच चेहरा करा. फारच झालं तर सॅनिटायझरचा एक थेंब तळव्यावर घ्या, हवेत दोनदा हात झटका. पेशंटला उलट्या-जुलाब असतील तर हे हमखास करा, कारण त्यामागे नोरोव्हायरस असला तर त्याच्यावर अल्कोहोलची मात्रा फारशी चालत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं.

घरात एखादा शिकलेला भाचा असतो. तो म्हणेल, 'मामा, रेलिंगवर सापडतो तो आरएनए. ते नुसते पावलांचे ठसे, चोर जिवंत असेलच असं नाही. आणि करोना मुख्यतः हवेतून पसरतो.' पोरगं खरं बोलतंय. त्यातला पहिला मुद्दा तेवढा उचला आणि हात धुवायचे सोडून द्या. दुसऱ्यावरून तो खिडकी उघडायला उठेल, तेव्हा त्याला सांगा की एसी रूमचे पैसे भरलेत.

निघताना वॉर्डातल्या बाकीच्या कॉटवर डोकावायला विसरू नका. 'यांचं काय?' असं विचारत दोन कॉटमधला पडदा बाजूला करा. तो शेवटचा कधी धुतला हे त्या पडद्यालाही सांगता येणार नाही.

एवढ्यात आतून वहिनी धावत येतील. 'अहो, मोसंबी घेऊन जा हो, यांना तोंडाने काही द्यायचं नाही म्हणालेत.' दुपारभर पेशंटच्या पायाशी चादरीवर पडलेली ती पिशवी हातात घ्या. लिफ्टचं बटण दाबा, रिक्षाचा दांडा धरा, घराची बेल वाजवा. चपला काढायच्या आत पिशवी फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी ठेवा. आजी असती तर आधी मोरीत ढकललं असतं, कपडे बादलीत टाकायला लावले असते. आता तसला जाच नाही. मोसंबी दोन-तीन दिवस सहज टिकतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका कालच ॲडमिट झालेत, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं?