उत्तेजनार्थ

पहिल्या बक्षिसाचा कुकर ज्यांनी घरी नेला, त्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढंही धड माहीत नाही, हे मी असूयेने म्हणत नाहीये. बरं, असूयेनेही म्हणतोय.

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला गणेशोत्सवात लिंबू-चमच्याच्या जोडीला बुद्धिबळाचं कोडं ठेवायची हुक्की आली. मंडपाच्या कडेला टेबल, त्यावर पट, चिठ्ठ्या टाकायला बुटांचं खोकं आणि पाटी : ‘पांढऱ्याची खेळी. पांढरा जिंकतो. कसा?’

पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा बी६वर, त्याचं प्यादं सी६वर. काळा राजा पार ए१च्या कोपऱ्यात, काळा हत्ती डी५वर. काळा हत्ती पेटीत सापडला नव्हता, म्हणून त्याच्या जागी अत्तराच्या बाटलीचं बूच. कोडं मात्र अस्सल. प्यादं सी७ला सरकतं आणि हत्ती शह देत सुटतो. राजा घाईने सीच्या पट्टीत आला तर हत्ती डी१ला जाऊन बसतो, आणि इकडे प्यादं आठव्या ओळीत पोचून वजीर झाला रे झाला की सी१वरून शह देऊन तो वजीर उचलतो. म्हणून राजाने बी५, बी४, बी३ असं एकेक घर उतरायचं आणि मगच सी२ला यायचं. आता काळ्याचा शेवटचा डाव : हत्ती डी४. इथे प्याद्याचा वजीर केलात की मेलात. काळा सी४वर शह देतो, वजिराने हत्ती मारावाच लागतो आणि कोपऱ्यातल्या राजाला हलायला घरच उरत नाही. स्टेलमेट, बरोबरी. म्हणून सी८वर वजीर न करता हत्ती करायचा! ए८वरून मात बसू नये म्हणून काळा हत्ती ए४ला धावतो, पांढरा राजा बी३ला येतो, आणि एकाच वेळी हत्तीही मरतोय, सी१वर मातही बसतेय. खलास.

१८९५मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जॉर्ज बार्बिये यांनी ही स्थिती ‘काळा बरोबरी साधतो’ म्हणून छापली होती. तिथेच राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो सावेद्रा यांनी हत्तीची खेळी दाखवली आणि बार्बियेंनी मुकाट्याने दुरुस्ती छापली. सावेद्रांचं नाव आज बुद्धिबळाच्या जगात आहे ते त्या एका खेळीवर. मी हे सगळं, दोन्ही फाट्यांसह, सुवाच्य अक्षरात लिहून खोक्यात टाकलं.

निकाल लागला : बरोबर उत्तर, ‘प्यादं पुढे नेऊन वजीर करायचा’.

मी समितीप्रमुखांना गाठलं. ते खिरापत वाटत होते.

“अहो, वजीर फुकट मिळत असताना हत्ती कोण घेतो?” हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढची सगळी चर्चा याच वाक्याभोवती फिरली.

मी त्यांना पटापाशी नेलं, पांढरा राजा सी२ला आणला, पेटीतला पांढरा वजीर सी८वर ठेवला आणि बूच सी४वर आणलं. “शह.”

“मग मारा की त्याला वजिराने.”

“मारला. आता काळ्याची खेळी. तुम्ही खेळा.”

त्यांनी खोबऱ्याचा हात धोतराला पुसला, काळा राजा चिमटीत धरला, तीन बाजूंना नेऊन पाहिला आणि परत ठेवला. “जायला जागाच नाही.”

“शह आहे का त्याला?”

“नाही.”

“म्हणजे बरोबरी.”

“बरोबरी?” त्यांचा आवाज माइकशिवाय मंडपभर गेला. “आमच्याकडे वजीर, त्याच्याकडे काय? एकटा राजा, तोही कोपऱ्यात कोंडलेला. हलता येत नाही म्हणजे हरलाच ना तो!”

मी वजीर काढून हत्ती ठेवला, पुढची मात दाखवली. त्यांनी पाहिलीसुद्धा. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “हा हत्ती उलटा करा बरं.”

“का?”

“करा तर. झाला की नाही वजीर? उलटा हत्ती म्हणजे वजीर, आम्ही कॉलेजात असंच खेळायचो. म्हणजे तुमचं-आमचं उत्तर एकच. उगाच वाद कशाला?”

मी फोन काढला. कुठलंही बुद्धिबळाचं ॲप हे क्षणात सांगतं. तर ‘स्पर्धेत मोबाइल चालत नाही’. त्यांचं स्वतःचं उत्तर मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं होतं, पण तो नियम स्पर्धकांसाठी.

एवढ्यात प्रसादाला आलेले तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा मध्ये पडले. “दोघंही चुकताय. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं होतं. सी म्हणजे उंटाचं घर. उंट होणार.”

आता देशी बुद्धिबळात असा नियम होता, हे खरं. आणि देशी नियमांना हसू नये, कारण पंजाबचे मीर सुलतान खान त्याच नियमांवर वाढले आणि इंग्लंडला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ची ब्रिटिश स्पर्धा जिंकून आले. बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. पण उंट घेऊन इथे पांढरा जन्मात जिंकत नाही. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “जिंकायचं नंतर बघू. आधी नियम.”

वजीर, हत्ती, उंट अशी तीन उत्तरं झाल्यावर समितीप्रमुखांनी लोकशाहीचा मार्ग धरला. मतदान! अथर्वशीर्षाला आलेल्या सगळ्यांनी हात वर केले. वजीर प्रचंड बहुमताने निवडून आला. उंटाला आप्पा आणि त्यांचा जावई. एका लहान मुलाने घोडा हवा म्हणून भोकाड पसरलं, त्याला लाडू देऊन गप्प केलं. हत्तीला माझं एक मत. बायकोने हात वर केला नाही. “आपल्याला इथेच राहायचंय,” एवढंच म्हणाली.

हसू येतं खरं, पण चीडही येते. रांगोळीत दरवर्षी मोर काढणारीला पहिला नंबर, वक्तृत्वात मोठ्याने ओरडणाऱ्याला. तिथे निदान आवडनिवड म्हणून सोडून देता येतं. इथे पट समोर होता, मोहरे समोर होते, स्वतःच्या चिमटीत राजा धरून ‘जागा नाही’ असं परीक्षकच म्हणाले होते! तरी बरोबर काय ते हात मोजून ठरलं. आणि माझ्या हातावर प्लास्टिकचा डबा ठेवला, ‘उत्तेजनार्थ’ लिहिलेला. या वयात मला कशाला उत्तेजन?

विसर्जनाच्या दिवशी समितीप्रमुख स्वतः भेटायला आले. मन मोठं केलंय म्हणाले. पुढच्या वर्षीचं कोडं मीच निवडायचं. अट एकच : उत्तरात वजीर पाहिजे. आणि जमलं तर आप्पांसाठी एखादा उंट.