वगळलेल्या सूचनेची बढती

जुना प्रोजेक्ट गळ्यात पडतो तेव्हा सोबत "सगळं व्यवस्थित चालतंय" हे वाक्य फुकट येतं. माझ्याही प्रोजेक्टात चालत होतं, कारण आधीच्या मंडळींनी एरर रिपोर्टिंगमधून, म्हणजे कोणत्या चुका कळवायच्या त्या यादीतून, नोटिस नावाच्या किरकोळ सूचना तेवढ्या वगळल्या होत्या. मग सर्व्हरवर वेबसाइट लिहायच्या भाषेची, पीएचपीची, आवृत्ती 8 आली. 2020 च्या या आवृत्तीत 'अनडिफाइंड व्हेरिएबल'ला (किंमत न देताच नाव वापरण्याच्या चुकीला) नोटिसवरून वॉर्निंग अशी बढती मिळालेली, त्यामुळे जुना बंदोबस्त एका रात्रीत निकामी.

मुळात पीएचपी भारी भिडस्त. डॉलरचं चिन्ह लावून कुठलंही नाव पुढे करा, "हा कोण?" असं पुटपुटते आणि त्याला नल, म्हणजे 'काहीच नाही', समजून कामाला लागते. वर 'टोटल' आणि खाली घाईत 'टोटाल' लिहिलं, की बिलात नुसता कर उरतो.

आमची खरी शोभा झाली ती नोंदणीच्या फॉर्मवर. नावाच्या चौकटीत व्हेरिएबल थेट इको केलेलं, म्हणजे छापलेलं, आणि पान पहिल्यांदा उघडताना ते जन्मलेलंच नसायचं. मग ती वॉर्निंग ब्रेक आणि बोल्डच्या टॅगांसकट, फाइलच्या पाथसकट चौकटीतच छापली जायची. लोक समंजस. काहींनी ती खोडून नाव लिहिलं, काहींनी शेवटी आपलं नाव जोडलं, काहींनी आहे तशी सबमिट केली. डेटाबेसात वॉर्निंग घराण्याची बरीच मंडळी नांदू लागली. सगळ्यांचा ओळ क्रमांक एकच.

लॉगिनचं दुखणं निराळं. पासवर्ड बरोबर, तरी पान पुढे सरकेना. ब्राउझरला 'पुढच्या पानावर जा' सांगणारा हेडर जायच्या आधीच वॉर्निंग छापली जात होती, मग तो जातच नव्हता, आणि सहकारी मात्र पासवर्ड तपासणारं फंक्शन नव्याने लिहीत बसलेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

उपाय काही अवघड नाही. व्हेरिएबलला आधी किंमत द्यायची. बाहेरून काय येईल याचा भरवसा नसेल तिथे किंमत आहे का ते विचारणारं इसेट, नाहीतर किंमत नसेल तर पर्याय पुढे करणारी, पीएचपी 7 पासून मिळालेली जोडप्रश्नचिन्हं. पण फायली ढीगभर, आणि साहेबांना पान आजच स्वच्छ हवं. (कोडमध्ये जागोजागी ॲटचं चिन्ह चिकटवून तोंड बंद करण्याची सूचनाही आली, मी ती ऐकलीच नाही असं दाखवलं.) लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स (चुका पानावर दाखवणं) बंद आणि लॉग (चुकांची नोंदवही) चालू ठेवला, तसा तो असायलाच हवा होता, आणि एकेक फाइल उघडायला घेतली.

माझा वेग कमी पडला. साहेबांचा फोन आला, लॉगनं डिस्क भरत आलीय.

"लॉगसुद्धा बंद करता येतो ना?"