सहल रद्द करा, एक झाड धरा

पर्यावरण शिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी साचा ठरलेला असतो. घोषवाक्य स्पर्धा, रोपटं लावतानाचा फोटो आणि वर्षातून एक जंगल सहल. सहलीत चाळीस मुलं रांगेने चालतात, मागच्या तीस जणांना पुढच्याचं दप्तर तेवढं दिसतं. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे या शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली गेली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग. आपली गाडी अजून पहिल्या दोनांतच अडकली आहे. निसर्ग बघता येणं हे कौशल्य आहे, आणि ते सरावाशिवाय येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: सहलीचा खटाटोप सोडा. आवारातलं एखादं झाड आणि त्याखालची एक मीटर लांब-रुंद जमीन वर्षभरासाठी धरा. चार खुंट्या, सव्वाचार मीटर सुतळी (वरची पाव मीटर गाठींना जाते), संपला खर्च. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी २० मिनिटं जायचं. एका मोठ्या माणसामागे १२ ते १५ मुलं, त्याहून जास्त नकोत. बोलणाऱ्याने सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. एवढं साधं पथ्य पाळलं जात नाही आणि मग तक्रार असते की मुलांचं लक्ष नसतं!

लहान मुलांना दुर्बीण देऊ नका. पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. १० पट मोठं दाखवणारं भिंग द्या. पण ते धरायला शिकवावं लागतं. सिनेमातल्या गुप्तहेरासारखं हात लांब करून धरलं तर सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान साधारण अडीच सेंटीमीटरवर आणायचं. हलवायचं ते पान, भिंग नाही.

आता बघायचं काय? नागअळीचं पान शोधा. पानावर पांढरट वेडीवाकडी रेघ दिसली की समजा, अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहून आतला हिरवा गर खात गेली आहे. रेघ एका टोकाला दोऱ्याइतकी बारीक असते, कारण तिथे अळी नुकती अंड्यातून निघालेली होती. पुढे ती वाढते तशी रेघ रुंदावते. भिंगातून बघितलं तर मधोमध काळसर ठिपके किंवा ओळ दिसते, ती तिची विष्ठा. पान उजेडासमोर धरा. रुंद टोकाला अळी आत असेल तर दिसते, नाहीतर बाहेर पडल्याची बारीक चीर सापडते. एका पानावर अख्खं बालपण लिहिलेलं आणि आपण विचारतो काय, तर 'सांगा, हे कुठलं झाड?' नाव कळलं की मुलाला वाटतं, काम झालं. नाव ओळखणाऱ्या ॲपचंही तेच. नाव जरूर सांगा, पण तीन-चार प्रश्न विचारून झाल्यावर.

पालापाचोळ्यातली दुनिया दाखवायची तर दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा तिसरा भाग कापून उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. त्यात ४-५ मिलिमीटर छिद्रांची जाळी, जाळीवर दोन-तीन मुठी ओलसर पाचोळा. तळाशी ओला कागद. वर १५ सेंटीमीटर अंतरावर दिवा. उजेड, उष्णता आणि कोरडेपणा टाळत जीव खाली सरकतात आणि कागदावर पडतात. फसतं ते तीन कारणांनी. पाचोळा दाबून भरला की वाट बंद होते. दिवा फार जवळ असला की जीव खाली पोचण्याआधीच सुकून मरतात. आणि हल्लीचा एलईडी दिवा पुरेशी ऊबच देत नाही. तो असेल तर पाचोळा आपोआप वाळेपर्यंत दोन दिवस थांबा. बघून झालं की सगळे जीव जागच्या जागी सोडायचे. याला अपवाद नाही.

दगड किंवा ओंडका उचलताना त्याची पलीकडची कड उचलून तो स्वतःकडे कलता करा, म्हणजे खाली जे असेल ते समोरून पळतं आणि आपल्यामधे ओंडक्याची आड राहते. नंतर होता तसाच ठेवा. बिळात हात घालायचा नाही. मधमाशी चावल्यास कोणाला त्रास होतो, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

वहीत तीनच रकाने: तारीख-वेळ, काय दिसलं, काय वाटतं. दुसरा आणि तिसरा वेगळे ठेवणं हीच खरी मेहनत. 'किड्याने पान खाल्लं' हा अंदाज झाला. 'पानाच्या कडेला अर्धगोल, स्वच्छ काप' हे निरीक्षण. असा काप पुष्कळदा पानं कापणाऱ्या मधमाशीचा असतो. ती तुकडे घरट्याच्या अस्तरासाठी नेते, खात नाही. 'आज काही दिसलं नाही' हीसुद्धा नोंदच.

मग शिक्षक विचारतात, गुण कसे द्यायचे? पहिल्या महिन्यात 'खोडावर मुंग्या आहेत' एवढंच येईल, येऊ द्या. काही महिन्यांनी एखादं मूल लिहितं: 'वर जाणाऱ्या मुंग्यांचं पोट बारीक, खाली येणाऱ्यांचं फुगलेलं. वर कोवळ्या फांदीवर मावा कीड आहे. त्याचा गोड रस पितात का?' तिथे पूर्ण गुण द्या.