घण पडला म्हणून नळी शहाणी होत नाही

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तिघांनी पाठवला. पहिला भाच्याने, दुसरा त्याच्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या मुलाने आणि तिसरा आमच्या लोकमान्य नगरातल्या शेजाऱ्यांनी. या शेजाऱ्यांकडे आजोबांच्या वेळची ३१५ बोअर रायफल आहे. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. मजकुराचं सार असं: रायफल जुळवायची तर बॅरल, म्हणजे नळी, ‘कोल्ड हॅमर फोर्ज्ड’च, म्हणजे थंड ठोकून घडवलेलीच घ्या. घणाने ठोकून पोलाद तलवारीसारखं होतं, अशी बॅरल सगळ्यात अचूक असते, दुप्पट टिकते, जगभरच्या फौजा म्हणूनच ती वापरतात. आतल्या खोबण्या बटणाने उठवलेली म्हणजे स्वस्तातली आणि कापून काढलेली म्हणजे जुनाट.

प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर ते पसरलं. माझी पस्तीस वर्षं पिथमपूरच्या एका टूलरूममध्ये गेली. बंदुका नाही, डाय आणि गेज. पण पोलादाचा स्वभाव गेजमध्ये एक आणि बॅरलमध्ये दुसरा असं नसतं.

तलवारीपासून सुरू करू. लोहाराची तलवार लालबुंद करून ठोकतात. इथे ‘कोल्ड’ म्हणजे तापवणं नाहीच. आखूड, जाड, आरपार भोक पाडलेला तुकडा घेतात. भोकात कार्बाइडचा मँड्रेल, म्हणजे कठीण दांडा असतो, त्यावर रायफलिंगचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खोबण्यांचा, उलटा साचा. चार बाजूंनी चार घण मिनिटाला हजारावर ठोके देतात. तुकडा फिरत फिरत पुढे सरकतो, बारीक होतो, लांबतो आणि आतून मँड्रेलचा ठसा घेतो. काही ठिकाणी चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, तीही त्याच दमात निघते. ऑस्ट्रियाची श्टायर कंपनी तर घणाच्या त्या पीळदार खुणा बाहेरून तशाच ठेवते, धामणीच्या पाठीसारख्या. देखणं काम आहे, वाद नाही.

ठोकल्याने पोलाद थोडं कठीण होतं हे खरं. पण ते आतून ताणलेलंही राहतं, आणि हे त्या मजकुरात नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याच्याकडून एक चूक हमखास व्हायची. बाजारातला ब्राइट बार, म्हणजे थंड ओढलेली सळई, घ्यायची, ती सरळ आहे म्हणून खूश व्हायचं आणि एका बाजूने की-वे, म्हणजे लांब खाच, मारायचा. व्हाइसमधून सुटली की सळईचं केळं. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवली की मधून उजेड दिसायचा. कोणी वाकवलेली नसायची. आतले ताण एकमेकांना धरून बसलेले असतात, तुम्ही एका बाजूचं साल काढलंत की दुसरी बाजू ओढते. बॅरलचंही तेच. ठोकल्यावर भट्टीत ताण नीट काढला नाही आणि मग बाहेरून लेथवर बारीक केली, तर आतलं माप जागोजागी बदलू शकतं. चांगले कारखाने ताण काढतात. पण ते ‘हॅमर फोर्ज्ड’ या दोन शब्दांत लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

आणि हो, बटणाची पद्धतही थंडच. कार्बाइडचं बटण भोकातून ओढतात किंवा ढकलतात, ते धातू कापत नाही, दाबून खोबणी उठवतं. तिथेही ताण राहतो, तिथेही भट्टी लागते. सगळ्यात कमी ताण राहतो तो ‘जुनाट’ म्हणून हिणवलेल्या कापायच्या पद्धतीत.

आता अचूकता. भाचा ३०० मीटर बिग बोअर, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या रायफलची नेमबाजी, खेळतो. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. रायफलवाले ज्याला एक एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणतात तो पसारा ३०० मीटरवर साधारण ८७ मिलिमीटर होतो. म्हणजे बॅरल एक एमओएची असेल, तर नेमबाजाच्या हाताला, वाऱ्याला, काडतुसाला मिळून जेमतेम १३ मिलिमीटर उरले. सैनिकाच्या रायफलने चार एमओएचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दिला तरी तिचं काम भागतं. ‘अचूक’ शब्द दोघांकडे एकच आहे, गरज मात्र वेगळी.

बेंचरेस्टवाले, म्हणजे पाच गोळ्या एकाच भोकात घालायचा नाद असलेली मंडळी, बहुतेक कापलेल्या किंवा बटणाच्या, हाताने लॅप केलेल्या, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेल्या, बॅरल वापरतात. अमेरिकेतली क्रीगर कापते, जर्मनीतली लोथार वाल्थर बटण वापरते, दोघांच्या बॅरल स्पर्धेत दिसतात. याचा अर्थ घणाची बॅरल वाईट असाही नाही. फिनलंडच्या टिक्का रायफली हॅमर फोर्ज्ड आहेत आणि कारखान्यातून निघालेल्या स्वरूपातच त्यांचे ग्रुप बघून मी गप्प बसलोय. पद्धतीपेक्षा आतलं माप टोकापासून टोकापर्यंत किती सारखं आहे, चेंबर बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मध्यावर आहे का, क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाचा काठ, स्वच्छ आहे का, यावर जास्त ठरतं. मागच्या वर्षी भाच्याचे ग्रुप अचानक फाटले. तो नव्या बॅरलचे भाव काढून बसला होता. मी भिंगातून क्राउन बघितला, सहाच्या काट्याशी खोबणीच्या काठावर एक चकाकता टवका. क्लीनिंग रॉड रोज तोंडाकडून घालायची सवय. परवानाधारक गनस्मिथकडून क्राउन पुन्हा कापून घेतला, बॅरल अजून तीच आहे.

टिकाऊपणाचा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो आणि सगळ्यात फसवा आहे. बॅरल सगळीकडून सारखी झिजत नाही. मरते ती थ्रोटपाशी, चेंबरच्या लगेच पुढे. .३०८ या काडतुसात तिथे चार हजार बारच्या आसपास दाब आणि पोलादाच्या वितळणबिंदूपेक्षा गरम वायू असतो, क्षणभरच, पण दर गोळीला. ठोकून मिळालेला कठीणपणा त्या आचेसमोर किती टिकणार? मग फौजी बॅरल का टिकतात? बऱ्याचदा आतल्या क्रोमच्या थरामुळे. पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं, क्रोमियम १,९०० ला. फौजी बॅरलमध्ये घण आणि क्रोम बरेचदा जोडीने येतात, आणि वाचणारा क्रोमचं श्रेय घणाला देऊन टाकतो. क्रोमचीही किंमत असते. थर कुठे जाड, कुठे पातळ बसला की अचूकता थोडी जाते, म्हणून मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, बॅरलमध्ये तो सहसा नसतो.

आयुष्य खरं ठरवतं ते काडतूस. .२४३ हे .३०८ चंच काडतूस, तोंड आवळून केलेलं. दारू जवळजवळ तितकीच, पण ती जाते त्या भोकाचं क्षेत्रफळ साठ टक्क्यांच्या आसपास. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, राजवाड्यापुढच्या चौकाऐवजी बोहऱ्यांच्या गल्लीतून काढली तर भिंतींचं काय होईल, तेच थ्रोटचं होतं. मॅचच्या हिशेबाने .३०८ ची बॅरल पाचेक हजार गोळ्या सहज देते, .२४३ दीड-दोन हजारांत थकते. त्यात तापलेल्या बॅरलमधून घाईघाईने वीस गोळ्या काढल्यात, तर पद्धत कुठलीही असो, आयुष्य कमीच होणार.

फौजांबद्दल थोडक्यात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत आली, आणि तिचं नाव जोडलं जातं ते एमजी-४२ शी. मिनिटाला १,२०० गोळ्या ओकणारी मशीनगन बॅरल खात सुटते, त्या पटापट आणि एकसारख्या हव्या होत्या. कापायच्या पद्धतीत हूक, म्हणजे कापणारं पातं, एका फेरीत दोन-अडीच मायक्रॉन काढतो. खोबणी एक दशांश मिलिमीटर खोल, म्हणजे एका खोबणीला चाळीसेक फेऱ्या. घणाचं यंत्र काही मिनिटांत मोकळं. यंत्र प्रचंड महाग, प्रत्येक कॅलिबरला (भोकाच्या मापाला) आणि ट्विस्टला (खोबणीच्या पिळाला) वेगळा मँड्रेल, पण हजारोंनी काढल्या तर नग स्वस्त पडतो. तेव्हा ‘स्वस्तातली’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो घणाच्या बॅरलला लावा, शिवी म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. कारखान्याची अडचण तिने सोडवली. तीनशे मीटरवर आडवं पडलेल्याची अडचण वेगळी आहे.

भाच्याच्या त्या मित्राने मला विचारलंच, काका, बाहेरून नुसता ब्लँक, म्हणजे चेंबर न केलेली नळी, मागवतो, तुमच्या ओळखीच्या लेथवर चेंबर करून द्या ना. नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा भागही शस्त्रच, आणि बनवणं सोडा, दुरुस्त करायलाही कलम ५ खाली परवाना लागतो. अमेरिकेतल्या पोरांचे ‘बिल्ड’ बघून इथे हात शिवशिवले तर आवरायचे. डीलर, परवाना, आयातीचे कागद, गनस्मिथ, हाच रस्ता, आणि तो महिनोन्महिने चालतो.

म्हणून मागवण्याआधी ट्विस्ट बघा. ६ मिलिमीटरच्या १०५ ग्रेन वजनाच्या लांब गोळीला आठ इंचांत एक फेरा लागतो. रेंजवरच्या एकाने मोठ्या हौसेने .२४३ ची बॅरल आणवली, हॅमर फोर्ज्ड, आतून आरशासारखी, दहा इंचांत एक फेरा. पहिल्या दिवशी त्याने टार्गेट गुंडाळून माझ्यापुढे उलगडलं. भोकं गोल नव्हती, लांबट होती, गोळ्या तिरक्या होऊन कागदात शिरल्या होत्या. तो आता ८० ग्रेनच्या गोळ्या शोधतोय.