वीन ब्रिज किटच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमचं ऑसिलेटर किट (साइन वेव्ह तयार करणारं वीन ब्रिज सर्किट) सकाळी २ व्होल्ट देतं, दुपारी १.९ वर येतं, टीएल०७२ ही ऑप-अँप आयसी (सिग्नल मोठा करणारी चिप) काढून ५५३२ ही दुसरी ऑप-अँप लावली तरी तेच; म्हणजे आयसी डुप्लिकेट, असं तुम्ही लिहिलंय. रीडिंग तुम्ही नीट घेतलंय, त्याबद्दल शंका नाही. पण आयसीवर टाकलेला दोष मान्य नाही. आयसी बदलूनही दुपारची घसरण तशीच राहिली, ते उगाच नाही; कारण दुसरीकडे आहे.

या बोर्डावर वेव्हची उंची ठरवतात फीडबॅकमधले (आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेतले) उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. सिलिकॉन डायोडचा ड्रॉप, म्हणजे त्याच्यावर पडणारं साधारण ६०० मिलिव्होल्टचं व्होल्टेज, तापमान वाढेल तसा दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो, आणि त्याच प्रमाणात वेव्हची उंचीही. पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी २४, दुपारी ३९ धरा: १५ अंशांत ३० मिलिव्होल्ट गेले. ६०० मधले ३० म्हणजे ५ टक्के. २ व्होल्टमधून ५ टक्के वजा केले की तुमचेच १.९ येतात. खात्री करायची तर सोल्डरिंग आयर्नचं टोक, न टेकवता, आधी आयसीजवळ धरा, मग डायोडजवळ, आणि उंची कधी घसरते ते स्कोपवर बघा.

प्रीसेट (गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, ठरवणारा बोर्डावरचा छोटा स्क्रू) फिरवून हे सुधारायला मात्र जाऊ नका. ऑसिलेशन चालू राहायला गेन किमान ३ लागतो; तो ३ च्या अगदी जवळ आणला की वेव्ह स्वच्छ दिसते, पण मग रेझिस्टर किंचित सरकले तरी उंची जास्त हलते, कधी ऑसिलेशनच बंद पडतं.

लेव्हल स्थिर हवी असेल तर आमचं बल्बवालं बोर्ड बघा; त्यात डायोडऐवजी छोटा बल्ब उंची ठरवतो. आउटपुट वाढलं की फिलामेंट तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो, गेन आपोआप खाली येतो. ती मुळातच खोलीपेक्षा कितीतरी गरम, त्यामुळे बाहेरच्या १५ अंशांचा परिणाम फार कमी. ह्यूलेट-पॅकार्डचा पहिला ऑसिलेटर, २००ए, याच युक्तीवर चालायचा. मला स्वतःला ती आजही फार आवडते. बल्बला करंट लागतो, तिथे तुमची ५५३२ कामी येईल. फ्रिक्वेन्सी बदलल्यावर उंची क्षणभर झुलते, तेवढं थांबून रीडिंग घ्या. जेफेटच्या (व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) सर्किटचा विचार असेल, तर त्याच्या पीक डिटेक्टरमध्येही (वेव्हची उंची मोजणाऱ्या भागातही) डायोड असतो आणि तोही तापमानाबरोबर सरकतो, हे लक्षात असू द्या.

बोर्ड घेऊन दुकानात या. दोन्ही बोर्डं गरम हवेखाली धरून स्कोपवर शेजारी-शेजारी दाखवतो. पटलं तर फक्त किमतीतला फरक द्या आणि बदलून न्या.