ह्यूस्टन हरून हरून जिंकलं, हे खरं नाही

ऑक्टोबर लागला, बेसबॉलचे निर्णायक सामने सुरू झाले, की आमच्या शुगरलँडच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: ह्यूस्टन ॲस्ट्रोज सलग तीन हंगाम मुद्दाम शंभरावर सामने हरले. तळाला राहिल्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिला खेळाडू उचलायचा मान त्यांना तीनदा मिळाला, आणि त्या पोरांच्या जिवावर त्यांनी २०१७ आणि २०२२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, मारली. मायनर लीग वगैरे सगळा टाइमपास. शेवटी उपदेश: हरायचं तर पूर्ण हरा.

मी ह्यूस्टनच्या नैऋत्येला राहतो. ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, मेजर लीगच्या, एकच पायरी खालचा, आमच्या गावात खेळतो. घरापासून मैदान दहा मिनिटांवर. तिथल्या पोरांना वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यामुळे हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, अन्यायाचा वाटतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नव्या वाचकांसाठी एवढंच: आयपीएलमध्ये बोली लागते, इथे पाळी लागते. दरवर्षी शाळा-कॉलेजातले खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात, याला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्या काळी ज्याचा हंगाम सर्वांत वाईट त्याची पाळी पहिली असे. निवडलेला खेळाडू लगेच वर जात नाही. आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढायच्या. एका क्लबच्या या सगळ्या खालच्या संघांना मिळून फार्म सिस्टीम म्हणतात.

आता "तीन हंगाम मुद्दाम हरले" हे घेऊ. आकडे खरे आहेत: २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. पण ज्यांच्या नावावर ही योजना खपवली जाते ते २०११ च्या हंगामात संघात नव्हतेच. जिम क्रेन मालक झाले नोव्हेंबर २०११ मध्ये आणि जेफ लुनाउ जनरल मॅनेजर म्हणून आले डिसेंबरमध्ये. म्हणजे तीनातला पहिला पहिला-नंबर, ज्यातून कार्लोस कोरेया मिळाला, तो त्यांना आयता हाती आला होता. पुढची दोन वर्षं त्यांनी संघ स्वस्तात चालवला आणि पराभवांची फिकीर केली नाही, हे मला मान्य आहे. त्याची किंमतही त्यांनी मोजली. सप्टेंबर २०१३ मध्ये एका सामन्याचं ह्यूस्टनमधलं टीव्ही रेटिंग ०.० आलं. ते चॅनेल शहरातल्या निम्म्याअधिक घरांत दिसत नव्हतं हे खरं, पण ज्यांच्याकडे दिसत होतं त्यांनीही पाठ फिरवली होती.

मेसेजचा सगळा डोलारा उभा आहे तो "पहिला नंबर म्हणजे हमखास हिरा" या समजुतीवर. तीन वर्षांचे तीन पहिले खेळाडू पाहा.

२०१२ चा कोरेया. पोर्तो रिकोचा शाळकरी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, खरोखर हिरा निघाला. पण त्या वर्षीची खरी हुशारी पैशाच्या हिशेबात होती. सहीच्या वेळी खेळाडूला बोनस मिळतो, आणि सगळ्या निवडींच्या बोनससाठी संघाला मिळून एक ठरलेली थैली असते. पहिल्या खेळाडूसाठी त्यात ७२ लाख डॉलर ठरलेले होते. कोरेया ४८ लाखांत तयार झाला. वाचलेल्या पैशातून ॲस्ट्रोजनी ४१व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स ज्युनियरला २५ लाख दिले आणि कॉलेजकडे निघालेल्या त्या पोराला वळवून आणलं. हाच मॅकलर्स २०१७ च्या अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अजिंक्यपदाच्या सातव्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध शेवटी आला आणि त्याने शेवटचे सलग २४ चेंडू कर्व्हबॉल, म्हणजे वळून खाली येणारे, टाकले. समोरच्याला माहीत होतं काय येणार आहे, तरी खेळता आलं नाही. पहिल्या नंबरामुळे थैली मोठी मिळते, हे बरोबर. पण ती कुठे रिकामी करायची हे नंबर सांगत नाही.

२०१३ चा मार्क अपेल. स्टॅनफर्डचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बोनस ६३.५ लाख डॉलर. ह्यूस्टनसाठी मेजर लीगमध्ये एक चेंडूही टाकला नाही. २०१५ च्या डिसेंबरात त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, मधली काही वर्षं तो खेळापासूनच दूर गेला आणि अखेर जून २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला पहिला मेजर लीग सामना मिळाला. त्याच्यामागोमाग, दुसऱ्या क्रमांकावर, शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला उचललं होतं. तो २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्ज त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले.

२०१४ चा ब्रेडी एकन. ६५ लाखांवर बोलणी पक्की झाली होती. वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटवरून शंका आली, ॲस्ट्रोजनी आकडा खाली आणला, सौदा फिसकटला. एकनची सही नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याची रक्कमही थैलीतून गेली आणि जेकब निक्स नावाच्या दुसऱ्या एका पोराशी ठरलेला १५ लाखांचा सौदाही मोडला. अठरा वर्षांचा मुलगा, शब्द मिळालेला, आणि दुसऱ्याच्या कोपरामुळे त्याचं सगळं बारगळतं. ड्राफ्ट आतून असा दिसतो. एकन पुढे मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही.

तिनातला एक लागला. एकनची सही झाली नाही म्हणून पुढच्या वर्षी भरपाईचा दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यातून ॲलेक्स ब्रेगमन आला, हेही मी मोजतो. २०१५ मध्येच पाचव्या क्रमांकावर काइल टकर आला, तोही मोजतो. हे तिघे मोठे खेळाडू आहेत, यात वाद नाही. पण "त्या पोरांच्या जिवावर" हे शब्द तरीही टिकत नाहीत, कारण बाकीचा संघ कुठून आला ते मेसेजमध्ये नाही.

होजे अल्तुवे. व्हेनेझुएलातल्या माराकाय गावी चाचणीला गेला, तर बुटका म्हणून त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर सही झाली. व्हेनेझुएलाचे खेळाडू ड्राफ्टमध्ये येतच नाहीत, त्यांना कुठलाही संघ थेट घेऊ शकतो, म्हणजे इथे नंबराचा संबंधच नाही. २०१७ मध्ये हाच अल्तुवे अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. डॅलस कायकल २००९ च्या सातव्या फेरीतला, आणि २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू जॉर्ज स्प्रिंगर अकराव्या क्रमांकाचा, लुनाउ येण्याआधीच निवडलेला. जस्टिन व्हर्लँडर आला तो ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना, मायनर लीगमधले तीन तरुण डेट्रॉइटला देऊन. फार्म सिस्टीम खेळाडू पिकवते तशी बाजारात नाणं म्हणूनही चालते.

(२०१७ च्या विजेतेपदावर कॅमेऱ्यातून समोरच्या संघाच्या खुणा चोरून पुढचा चेंडू कोणता ते ओळखल्याचा डाग आहे. तो मी पुसत नाही. पण तो डागसुद्धा ड्राफ्टच्या गोष्टीत बसत नाही.)

त्या चोरीची शिक्षा म्हणून जानेवारी २०२० मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला आणि २०२० व २०२१ या दोन्ही वर्षांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी काढून घेतल्या गेल्या. मेसेजच्या हिशेबाने तिथे संघ संपायला हवा होता. त्यातच २०२२ च्या आधी कोरेया संघ सोडून मिनेसोटाला गेला. त्याच्या जागी शॉर्टस्टॉपला उभा राहिला जेरेमी पेन्या. २०१८ ची तिसरी फेरी, १०२वा क्रमांक, मेन विद्यापीठ, जिथे वसंतातही बर्फ असतो म्हणून निवड करणारे फारसे फिरकत नाहीत. पहिल्याच हंगामात तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या नंबराच्या खेळाडूची जागा १०२व्याने भरली, आणि भरली ती अशी.

त्याच सिरीजच्या चौथ्या सामन्यात, २ नोव्हेंबरला, क्रिस्तियान हावियेर आणि त्याच्यामागून आलेल्या तिघांनी मिळून फिलाडेल्फियाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिली नाही. हावियेर २०१५ मध्ये १० हजार डॉलरला घेतलेला. फ्राम्बेर व्हाल्देसही त्याच वर्षी, त्याच किमतीत. डोमिनिकन पोरं सोळाव्या वर्षी सही करतात, व्हाल्देस तेव्हा एकवीस वर्षांचा, म्हणजे तिथल्या हिशेबाने वय उलटलेला. २०२२ मध्ये त्याने सलग २५ क्वालिटी स्टार्ट (सुरुवात करून किमान सहा इनिंग टाकायच्या आणि स्वतःच्या खात्यावर तीनपेक्षा जास्त धावा द्यायच्या नाहीत) दिले, एका हंगामातला हा विक्रम आहे. अल्तुवे, हावियेर, व्हाल्देस: तिघांचा मिळून बोनस ३५ हजार डॉलर. एकट्या अपेलचा ६३.५ लाख.

"हरायचं तर पूर्ण हरा" या उपदेशाचं उत्तर तर नियमांनीच दिलंय. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत निघते आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबराची शक्यता सारखीच, १६.५ टक्के. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, तरी मोठ्या बाजारपेठेच्या संघांना सलग दुसऱ्या वर्षी सोडतीत बसता येत नाही या नियमामुळे २०२५ मध्ये त्यांची पाळी दहावी आली. पिट्सबर्गला २०२१ आणि २०२३ मध्ये पहिला नंबर मिळाला. २०१५ नंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत त्यांनी प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही.

राहिला "टाइमपास". जुलैतल्या संध्याकाळी आमच्या मैदानावर या. सात वाजताही अंगाची लाही होत असते. बुलपेनच्या, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागेच्या, कठड्याला लागून बसलं की चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाज पोटात जाणवतो. एक पिचर एकच चेंडू, तोच, पंधरा-वीस वेळा टाकत असतो. कोच टॅबलेट पुढे करतो, बोटांची पकड केसभर सरकवून दाखवतो, पुन्हा तोच चेंडू. अशा मुलांना ट्रिपल-एमध्ये २०२३ च्या करारापर्यंत वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळत होते. करारानंतर ३५,८००. या भागात त्यावर घरभाडं भागवून दाखवा.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी त्याच कठड्याशी बसून हंटर ब्राउनला पाहिलं. डेट्रॉइटच्या वेन स्टेट या छोट्या कॉलेजचा, २०१९ च्या पाचव्या फेरीतला. लहानपणापासून व्हर्लँडरला पाहत वाढलेला, चेंडू टाकण्याची ढबसुद्धा त्याच्यासारखी. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी गुडघ्यावरच्या वहीत त्याचा प्रत्येक चेंडू टिपला आणि उठताना वही मिटत म्हणाले, हा आता इथे फार दिवस दिसायचा नाही. ५ सप्टेंबरला ब्राउन ह्यूस्टनकडून पहिला सामना खेळला, टेक्सास रेंजर्सविरुद्ध. सहा इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही. ॲस्ट्रोज १-० ने जिंकले.